तुमचे प्रश्न : शेजारचा लाल तारा भडकतो तेव्हा

मागच्या अंकात या सदरात मी ओझरतं लिहिलं होतं की सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळ असलेला तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, मधूनच अचानक भडकतो आणि काही सेकंदांत कित्येक पट तेजस्वी होतो. त्या दोन ओळींवर इतके प्रश्न आले की हा सगळा अंक त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि जिथे खूप बोलण्यासारखं आहे तिथे मी बोललेय.

प्रश्न : तो तारा सूर्यापेक्षा लहान आणि थंड आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग सूर्यापेक्षा जास्त भडकतो कसा? शेगडी छोटी आणि जाळ मोठा, हे काही पटत नाही. (सातारा)

काका, शंका रास्त आहे, आधी आकडे बघू. प्रॉक्झिमाचं वस्तुमान सूर्याच्या फक्त १२ टक्के, व्यास सूर्याच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे गुरू ग्रहाच्या जेमतेम दीडपट. पृष्ठभागाचं तापमान ३,००० केल्विनच्या आसपास, सूर्याचं ५,८००. एकूण प्रकाश सूर्याच्या साधारण सहाशेवा भाग. अशा ताऱ्यांना लाल बटू म्हणतात आणि आपल्या आकाशगंगेत बहुतेक तारे याच जातीचे आहेत, फक्त एवढे मंद की नुसत्या डोळ्यांना त्यातला एकही दिसत नाही.

आता फरक आहे तो आतमध्ये. सूर्याच्या पोटात मधल्या ७० टक्के त्रिज्येपर्यंत उष्णता प्रकाशाच्या रूपाने झिरपत वर येते, तिथे ढवळाढवळ नाही, उकळणं सुरू होतं ते बाहेरच्या ३० टक्क्यांत. प्रॉक्झिमाएवढा लहान तारा मात्र तळापासून वरपर्यंत सगळाच उकळतो, चुलीवर आमटी रटरटते ना तसा, खालचं वर आणि वरचं खाली. हा रस्सा म्हणजे विद्युतभारित वायू, त्यामुळे तो हलला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यात तारा स्वतःभोवती फिरतोय म्हणून त्या क्षेत्राला पीळ बसतो, आणि या चुंबकरेषांचे पाय पृष्ठभागात रुतलेले असल्यामुळे खालचा वायू त्यांना इकडेतिकडे ओढत राहतो. पीळ वाढत वाढत जातो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो, इथे अगदी उलटं होतं, पीळच सुटतो आणि त्यातून आग निघते. दोन उलट दिशेच्या रेषा एकमेकींना भिडतात, तुटतात, वेगळ्या पद्धतीने जोडल्या जातात, आणि साठलेली ताकद क्षणात मोकळी होते. इलेक्ट्रॉन सुसाट वेगाने खाली पृष्ठभागावर आपटतात, तिथला वायू १०,००० केल्विनच्या आसपास तापतो, आणि तो आपल्याला भडका म्हणून दिसतो. सूर्यावर पण हेच होतं बरं का, यंत्रणा तीच आहे.

शेगडीचं म्हणाल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, प्रॉक्झिमाचं चुंबकीय क्षेत्र सगळ्या पृष्ठभागावर सरासरी ६०० गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं माप) आसपास मोजलंय, सूर्यावर एवढं जोरदार क्षेत्र डाग आणि त्यांच्या आजूबाजूलाच सापडतं. दुसरं, मागचा पडदा किती उजळ आहे यावर पण खूप अवलंबून आहे. भर दुपारी अंगणात काडी पेटवली तर कुणाचं लक्ष जात नाही, तीच काडी लोडशेडिंगमध्ये पेटवली की सगळ्या खोलीत उजेड. सूर्यावरचा मोठा भडका सूर्याच्या एकूण प्रकाशात नगण्य भर घालतो, लाल बटूवर तेवढाच भडका उडाला तर सगळा ताराच उजळल्यासारखा होतो, आणि तो उजेड निळसर असतो कारण १०,००० केल्विनचा वायू निळ्या आणि अतिनील प्रकाशात जास्त चमकतो. लाल ताऱ्यावर निळी ठिणगी. ही निळ्याची गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटच्या प्रश्नात लागणार आहे.

प्रश्न : चार प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचं चुंबकत्व मोजतात कसं? तिथे होकायंत्र तर नेता येत नाही. (अकोला, निवृत्त शिक्षक)

सर, प्रकाशच होकायंत्राचं काम करतो. अणू ठरावीक रंगाचा प्रकाश शोषतात आणि वर्णपटात तिथे काळी रेघ उमटते, हे तुम्ही शाळेत शिकवलंच असेल. तो अणू चुंबकीय क्षेत्रात असेल तर एका रेघेच्या एकमेकींना खेटून दोन-तीन रेघा होतात, क्षेत्र जेवढं जोरदार तेवढ्या त्या लांब जातात. डच शास्त्रज्ञ झीमनने हे १८९६ साली प्रयोगशाळेत बघितलं, १९०८ मध्ये हेल यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतून सूर्याच्या डागांत तेच पाहिलं आणि डाग चुंबकीय असतात हे कळलं. लाल बटूंसाठी आजही तीच युक्ती, फक्त रेघ स्पष्ट फुटलेली दिसत नाही, थोडी जाड झालेली दिसते, त्या जाडीवरून हिशेब करायचा.

शिवाय डाग असतातच. तारा फिरतो तसे डाग समोर येतात, मागे जातात, त्यामुळे प्रकाश हळूहळू कमीजास्त होतो, यावरून कळलं की प्रॉक्झिमा स्वतःभोवती एक फेरी घ्यायला साधारण ८५ ते ९० दिवस लावतो. आणि बरीच वर्षं नोंदी ठेवल्यावर दिसलं की त्याची चुंबकीय धामधूम कमीजास्त होण्याचं सुमारे ७ वर्षांचं एक चक्र पण आहे, सूर्याचं कसं ११ वर्षांचं असतं तसं. मला ही गोष्ट फार भारी वाटते, कारण सूर्याच्या चक्राचं मूळ पुष्कळ जण त्या उकळणाऱ्या आणि न उकळणाऱ्या थरांच्या मधल्या सीमेत शोधत होते, आणि इथे तर तशी सीमाच नाही, तारा म्हातारा आहे, वय जवळपास सूर्याएवढंच, फिरतोही संथ, तरी चक्र आहे आणि भडकेही आहेत.

प्रश्न : भडका एक-दोन मिनिटांचा, कधी काही सेकंदांचा. तो नेमका पकडतात कसा? (ठाणे)

हा सगळ्यात आवडलेला प्रश्न, म्हणून सविस्तर.

तारा सापडला १९१५ मध्ये, जोहान्सबर्गच्या वेधशाळेत रॉबर्ट इनेस यांना. पण तो भडकतो हे कळायला १९५१ उजाडलं, हार्लो शॅप्ली यांनी हार्वर्डकडच्या जुन्या काचेच्या फोटोप्लेटा तपासल्या आणि त्यात काही प्लेटांवर तारा नेहमीपेक्षा ठळक उमटलेला निघाला. म्हणजे भडके आधीच कॅमेऱ्यात आले होते, कपाटात पडून होते, कुणी त्या नजरेने बघितलं नव्हतं एवढंच.

आता २०१७ ची गोष्ट ऐका. चिलीच्या अटाकामा वाळवंटात अल्मा म्हणून दुर्बिणींचा ताफा आहे, तो मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी टिपतो. त्या वर्षी अल्माने प्रॉक्झिमाचं काही तास निरीक्षण केलं आणि नोव्हेंबरमध्ये एका गटाने जाहीर केलं की ताऱ्याभोवती धुळीचे पट्टे दिसतायत, कारण ताऱ्याकडून अपेक्षेपेक्षा जास्त रेडिओ प्रकाश येत होता. बातमी सगळीकडे गेली. मग मेरेडिथ मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच डेटा परत उघडला, पण सगळ्या तासांची सरासरी न काढता मिनिटामिनिटाने, सेकंदासेकंदाने बघितला. तर काय, जवळजवळ सगळा जादा प्रकाश २४ मार्च २०१७ या एकाच दिवसाच्या दोन मिनिटांपेक्षा कमी वेळात आलेला होता! भडक्याच्या ऐन वेळी १० सेकंदांत तारा एक हजार पट उजळला होता, आणि बाकी सगळा वेळ शांत. सरासरी काढली की तो भडका सगळ्या तासांवर पसरून धूळ असल्यासारखा भास झाला. घरात महिनाभराचं लाइटबिल बघून आपल्याला कळत नाही की एकाच दिवशी कुणी तरी गीझर चालू ठेवून गावाला गेलं होतं, रोजचा मीटर टिपून ठेवला असता तर लगेच कळलं असतं, तसंच हे.

त्यातून धडा घेऊन २०१९ मध्ये ९ दुर्बिणींनी मिळून काही महिन्यांत साधारण ४० तास या एका ताऱ्यावर पहारा दिला, जमिनीवरच्या आणि अंतराळातल्या, अतिनीलपासून रेडिओपर्यंत. १ मे २०१९ ला सापडला. फक्त ७ सेकंदांचा भडका, आणि हबल दुर्बिणीच्या अतिनील मोजणीत तारा १४,००० पट उजळला. अल्मालाही त्याच वेळी मिलिमीटर लहरींत उसळी दिसली. पण त्याच वेळी टेस हा उपग्रह त्या ताऱ्याकडे बघत होता, तो तांबड्या बाजूचा प्रकाश मोजतो, त्याच्या नोंदीत हा भडका जेमतेम जाणवण्याइतका. विचार करा, नुसता टेस असता तर आपण म्हणालो असतो किरकोळ काहीतरी झालं. म्हणून एकाच वेळी अनेक रंगांत बघणं आणि कमी कमी सेकंदांच्या नोंदी घेणं, ह्या दोन्हीशिवाय हे काम होत नाही. त्याच टेसच्या २०१९ च्या सुमारे ५० दिवसांच्या नोंदींत ७२ भडके मोजले गेले, म्हणजे रोजचे दीड धरा.

प्रश्न : आमच्या नारायणगावजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण या कामात आहे का? गावातल्या पोरांना सांगायला काहीतरी पाहिजे. (खोडद परिसर)

आहे की दादा, आणि अभिमानाने सांगा. तुमच्या शिवारातल्या त्या ३० अँटेना, एकेक ४५ मीटर व्यासाची, त्यांनी वायझेड सेटी नावाच्या लाल बटूचं रेडिओ निरीक्षण केलंय. हा तारा १२ प्रकाशवर्षांवर आहे, त्याच्या अगदी जवळून एक ग्रह दोन दिवसांत फेरी मारतो. जीएमआरटीच्या नोंदी वापरून २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने मांडलं की ताऱ्याकडून येणारे काही रेडिओ स्फोट हे नुसते भडके नसून ग्रह ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून जातो त्यामुळे होत असावेत. हे पक्कं ठरलं तर दूरच्या ग्रहाला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे की नाही हे कळायची वाट सापडते, आणि ग्रहावरची हवा टिकते की उडून जाते याच्याशी त्याचा थेट संबंध आहे. तुमच्याकडे मोबाइल टॉवर आणि कारखान्यांवर जी बंधनं आहेत ती कशासाठी, हे पोरांनी विचारलं तर हेच सांगा, तिकडून येणारा आवाज इतका बारीक असतो की जवळचा मोबाइल म्हणजे कानाशी ढोल.

शिवाय आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने मे २०१७ च्या शेवटी प्रॉक्झिमा बघितला होता, त्याच वेळी अमेरिकेच्या चंद्रा आणि हबल या दुर्बिणी पण तिकडेच वळवल्या होत्या. ॲस्ट्रोसॅटवरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झालेली आहे.

प्रश्न : माझी दहा वर्षांची लेक विचारते, त्या ताऱ्याच्या ग्रहावर कुणी राहत असेल का? (पणजी)

ताई, तिला सांगा की ग्रह नक्की आहे, २०१६ च्या ऑगस्टमध्ये तो जाहीर झाला. चिलीतल्या ला सिल्ला वेधशाळेच्या दुर्बिणीने तारा माणसाच्या चालण्याच्या वेगाने, ताशी साधारण ५ किलोमीटरने, पुढेमागे डुलतोय हे मोजलं, ग्रहाच्या ओढीने तारा असा डुलतो, आणि त्यावरून ग्रह सापडला. ताऱ्यावरचे डाग पण असाच डुलण्याचा भास करू शकतात, त्यामुळे ताऱ्याचं चुंबकीय वागणं नीट समजलेलं नसेल तर नसलेला ग्रह सापडतो आणि असलेला हरवतो.

ग्रहाचं वर्ष ११.२ दिवसांचं. तो ताऱ्यापासून फक्त ७३ लाख किलोमीटरवर आहे, आपला बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाखांवर. तारा मंद असल्यामुळे तेवढ्या जवळ राहिलं तरच पाणी द्रवरूप राहण्याइतकी ऊब मिळते, पण तेवढ्या जवळ म्हणजे भडक्याच्या तोंडावर. मार्च २०१६ मध्ये चिलीतल्या एव्हरीस्कोप या छोट्या कॅमेऱ्यांच्या संचाने प्रॉक्झिमाचा एक महाभडका टिपला, तारा ६८ पट उजळला होता. ज्यांनी तो शोधला त्यांनीच गणित करून दाखवलं की पृथ्वीसारखी हवा असली तरी अशा सततच्या भडक्यांनी ५ वर्षांत ९० टक्के ओझोन जाऊ शकतो. जमिनीवर उघड्यावर राहणं म्हणून कठीण दिसतंय. पाण्याखाली, खडकाखाली अतिनील किरण पोचत नाहीत, तिथे काही असेल तर असेल. हवा तिथे मुळात आहे का, हेच अजून मोजायचं राहिलंय, आणि तुमची लेक मोठी होईपर्यंत ते मोजून झालेलं असावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : मी बारावीत आहे. आमच्या क्लबकडे ८ इंची दुर्बीण आणि कॅमेरा आहे. मला स्वतः भडका पकडायचाय. जमेल का? (कोल्हापूर)

जमेल. पण प्रॉक्झिमा सोड. तो दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहात आहे, कोल्हापुरातून फार तर साडेदहा अंश वर येतो, मुंबईतून आठ. मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास मित्र तारा (अल्फा सेंटॉरी) क्षितिजालगत चमकताना बघ, त्याच्याच घरातला हा धाकटा, पण त्याची प्रत ११ (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढा तारा मंद), आणि एवढ्या खाली धूळ, बाष्प, गावाचे दिवे यांच्यातून मोजणी होणार नाही.

तुझ्यासाठी दोन तारे आहेत. पहिला एडी लिओनिस. सिंह राशीत मघा नक्षत्राचा विळा ओळखतेस ना, त्याच्या पात्यावर अल्जिबा नावाचा ठळक पिवळसर तारा आहे, त्याला अगदी खेटून, चंद्राच्या व्यासाच्या सहाव्या हिश्श्याइतक्या अंतरावर, हा ९व्या प्रतीचा लाल बटू बसलाय. अंतर १६ प्रकाशवर्षं. मार्च-एप्रिलमध्ये रात्री दहाच्या आसपास तो आपल्याकडे डोक्यावर असतो, छत्रपती संभाजीनगरवरून तर जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो. १२ एप्रिल १९८५ ला याच्यावर चार तासांहून जास्त चाललेला प्रचंड भडका नोंदलाय, तो आजही अभ्यासला जातो. अडचण एकच, अल्जिबाचा झगझगाट फोटोत येतो, म्हणून तो चौकटीबाहेर राहील अशी दुर्बीण धरावी लागते, आणि तुमची दुर्बीण डॉबसोनियन, म्हणजे नुसती वर-खाली आणि आडवी फिरणाऱ्या साध्या बैठकीवरची असेल तर बरोबर डोक्यावरचं लक्ष्य धरताना ती अडते.

म्हणून सुरुवात दुसऱ्याने कर, वायझेड कॅनिस मायनोरिस. प्रश्वा ताऱ्यापासून दोन अंशांवर, प्रत ११, फेब्रुवारीत रात्री नऊ-दहाला छान उंचावर असतो आणि आसपास त्रास देणारं ठळक काही नाही.

फिल्टर निळा लाव. मघाशी सांगितलेली निळी ठिणगी आठव, लाल फिल्टरमध्ये तीच ठिणगी ताऱ्याच्या स्वतःच्या उजेडात बुडून जाते. फोटो १५-२० सेकंदांचे, एकामागून एक, निदान तीन तास, आणि मध्ये थांबायचं नाही. प्रत्येक फोटोत तुझा तारा आणि जवळचे तीन-चार साधे तारे यांची तुलना करायची. कॉम्प्युटरचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घे, कारण दुसऱ्या कुणी त्याच रात्री बघितलं असेल तर सेकंद जुळले पाहिजेत.

माझा अनुभव सांगते. मागच्या फेब्रुवारीत भोरकडे एका ओळखीच्यांच्या शेतात आम्ही पाच रात्री हाच तारा धरला होता, ८ इंची दुर्बिणीनेच. पहिल्या दोन रात्री आलेख सपाट, नुसती बारीक थरथर. तिसऱ्या रात्री एकदम उसळी, आम्ही उठून उभे राहिलो, पण तुलनेचे तारे तपासले तर तेही सगळे तेवढेच वर गेलेले, गारठ्याने फोकस सरकला होता आणि मोजणीचं वर्तुळ चुकत होतं. चौथ्या रात्री ९ वाजून ४७ मिनिटांनी पुन्हा. ह्या वेळी एका फोटोत तारा नेहमीचा, पुढच्यात जवळजवळ दीडपट, त्याच्या पुढच्यात अजून थोडा वर, आणि मग सात मिनिटं हळूहळू उतरत गेला, चढ उभा आणि उतार लांब, आणि तुलनेचे चारही तारे जागच्या जागी. ज्या पोराने लॅपटॉप धरला होता तो काहीच बोलेना, नुसता स्क्रीनवर बोट ठेवून होता. तो उजेड तिथून साडेएकोणीस वर्षांपूर्वी निघालेला, त्या पोराच्या जन्माच्या आधी.

उभा चढ आणि लांब उतार ही खूण नीट बघायची. एकाच फोटोत उसळी आणि पुढच्यात गायब असेल तर बहुतेक वेळा विमान, उपग्रह किंवा सेन्सरवर आदळलेला वैश्विक किरण असतो, असा एकुलता ठिपका मोजणीत धरू नकोस, पण पुसूनही टाकू नकोस, नोंद ठेव. एकही भडका आला नाही त्या रात्रीच्या नोंदी पण तेवढ्याच जपून ठेव, किती तास बघितलं आणि त्यात किती वेळा भडकला, असाच हिशेब लागतो, रिकामे तास वगळले तर तो चुकतो. आणि पौर्णिमेच्या अलीकडचे पलीकडचे चार दिवस सोड, निळ्या फिल्टरमध्ये चांदणं फार चढतं.